अण्णांच्या बादल्या

वाईच्या आमच्या वाड्यात पहाटे साडेतीनला बंब पेटायचा. गोवऱ्यांचा धूर न्हाणीघराच्या झरोक्यातून निघायचा तसा माजघरातही शिरायचा आणि त्या वासानं मला अर्धवट जाग यायची. मागोमाग आडावरच्या रहाटाची कुरकुर. अण्णा पाणी शेंदत असत. आईची आंघोळ सुरू होण्याआधी बंब, दोन घंगाळं आणि अकरा बादल्या काठोकाठ भरलेल्या लागत. भरताना अण्णांचा लेंगा एखाद्या बादलीला लागला, तर ती ओतायची, विसळायची आणि पुन्हा भरायची. लागला की नाही हे आई दारातून विचारायची. "नाही लागला," अण्णा सांगायचे. "नक्की?" "नक्की." "शपथ?" "तुझी शपथ." मग थोडा वेळ शांतता आणि पुन्हा, "नक्की ना हो?"

हे १९८६ साल. मी बारा वर्षांची होते. अण्णा शाळेत गणित शिकवायचे. घरातून निघेपर्यंत त्यांचा निम्मा दिवस झालेला असायचा. त्यांना मी कधी बादली आपटताना पाहिलं नाही. आजही माया म्हटलं की मला तो रहाट ऐकू येतो आणि थंडीत वाफाळणारे अण्णांचे ओले हात दिसतात. त्या मायेबद्दल अलीकडे मला जे कळलं, ते पचवायला बरेच दिवस लागले.

आईला आजार आहे असं तेव्हा कुणी म्हणतच नव्हतं. वाई म्हणजे सात घाटांचं गाव, दक्षिण काशी. तिथं सोवळ्याला मान होता. "वहिनींचं सोवळं म्हणजे कडक हो," असं बायका कौतुकानं म्हणायच्या आणि आजार त्या कौतुकाच्या आड सुखानं राहिला. बाकीच्यांचं सोवळं पूजा आटोपली की सुटायचं, आईचं सुटायचं नाही. हात धुताना ती आकडे मोजायची. मधेच कुणी हाक मारली तर पहिल्यापासून. बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असायच्या. रात्री अण्णा त्यात कोकमाचं तेल भरायचे आणि पहाटे पुन्हा पाणी द्यायचे. हा आजार ज्या घरात जे सर्वांत जपलं जातं तिथंच हात घालतो, हे मला फार उशिरा समजलं. दुसऱ्या एखाद्या घरात तो गॅसच्या बटणावर बसतो, कुठे कुलपावर, कुठे जंतूंवर, कुठे नको त्या विचारांवर. आमच्या घरात तो विटाळावर बसला.

त्या विटाळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेणवलीकडून एक भाजीवाली मावशी यायची. तिच्या हातून घेतलेली नाणी आई पाण्याच्या तांब्यात टाकायला लावायची. पुढे पुढे मावशी न सांगताच नाणी तांब्यात टाकू लागली, आणि टाकताना दुसरीकडे बघायची. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी राहत, ज्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींना शास्त्राधार काढून दिले, त्याच गावात आमच्या पडवीत हे चालायचं. आईच्या आजारानं ती रीत निर्माण केली नव्हती. रीत आयती होती, आजारानं तिचा आधार घेतला. मावशीला त्यामुळे काय वाटत असेल, हा प्रश्न आमच्या घरात कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

आणि तरी आईला त्या काळात उपचार म्हणावा असं जे काही मिळालं, ते याच मावशीकडून. भाजी देऊन झाली की ती पायरीवर बसायची. "वैनी, च्या टाका घोटभर." आणि आई नळाकडे निघाली की, "किती धुताल? कातडं निघंल हाताचं. बसा हितं." मेथीची मातीसकट जुडी ती सरळ आईच्या ओच्यात टाकायची. आईला संकोच वाटायचा, पाहुणीसमोर उठून हात धुवायचे कसे? म्हणून ती बसून राहायची. पहिली पाच मिनिटं तिचे हात अंगापासून लांब, ताठ. मग मावशीच्या सुनेच्या गोष्टी, गाभण म्हशीच्या गोष्टी. अर्ध्या तासानं आईचे हात मांडीवर आलेले असायचे. हे मी स्वतः पाहिलं आहे, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. मावशी गेली की मात्र अण्णा बादली घेऊन तयार असायचे.

तेव्हाचा शोध हा आधी शब्दाचा शोध होता. पहिले अर्थातच घरचे डॉक्टर. सायकलवरून यायचे, कंपाउंडरच्या हातची लाल औषधाची बाटली द्यायचे, बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली. "अशक्तपणा आहे. हवापालट करा." मग टॉनिक. मग कुणीतरी म्हणालं, बाहेरचं असेल, वाडीला नेऊन आणा. नृसिंहवाडीला आम्ही आठ दिवस राहिलो. संगमावरची ती पहाट, दत्ताच्या पालखीपुढचे टाळ, ओल्या दगडी पायऱ्या, सगळं मला अजून लख्ख आठवतं, कारण त्या आठ दिवसांत आई थोडी हसली होती. पण परतताना ती तिथले तीन नवे नियम घेऊन आली.

शब्द मिळाला तो गणपती घाटावर. वाईला विश्वकोशाचं कार्यालय होतं. पहिला खंड १९७६ साली निघाला होता आणि पुढच्या खंडांचं काम जोरात चालू होतं. तिथले एक संपादक अण्णांचे स्नेही. रविवारी संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या मागं, पाण्याशी, दोघं बसायचे. मी खडे टाकत असायचे. त्या दिवशी अण्णांनी मान खाली घालून सगळं सांगितलं आणि स्नेही बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "याला मराठीत मंत्रचळ म्हणतात." मंत्राच्या अनुष्ठानात चूक झाली की माणसाला चळ लागतो, अशा जुन्या समजुतीतून आलेला शब्द. "पण हा मनाचा आजार आहे," ते म्हणाले, "आणि पुण्यात त्याचे डॉक्टर आहेत."

अण्णांचा चेहरा त्या वेळी कसा झाला, ते मी विसरणार नाही. नाव मिळाल्याचं बरं वाटलं असावं. आणि 'पुण्यात' म्हटल्यावर, त्या काळातल्या कुणाच्याही मनात आलं असतं तेच त्यांच्याही मनात आलं. येरवडा. ठाणे, नागपूर, रत्नागिरी आणि येरवडा इथली सरकारी मनोरुग्णालयं म्हणजे शिवी देताना वापरायची नावं होती. मनाच्या डॉक्टरकडे जाणं आणि येरवड्याला जाणं यात कुणी फरक करत नसे. म्हणून शेजारी सांगितलं गेलं, "डोळे दाखवायला पुण्याला जातोय."

डॉक्टर मिळवायला सहा आठवडे गेले. पुण्याच्या काकांना अंतर्देशीय पत्र, त्यांचं उत्तर, त्यांनी कुणाला तरी विचारून कळवलेला पत्ता, मग पुन्हा पत्र. पत्रात आजाराचं नाव नव्हतं, 'तो विषय' असं लिहिलेलं होतं. शेवटी एकदाची सकाळी सहाची एसटी. आईनं बाकावर स्वतःची धुतलेली सतरंजी अंथरली, अण्णा तिच्या आणि बाकी माणसांच्या मधे भिंतीसारखे बसले आणि खंबाटकी घाट येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. तेव्हा बोगदा नव्हता. घाटात गाडी कण्हत चढायची. उतारावर आईनं अण्णांचा हात धरला. बाहेरच्या कपड्यांतल्या माणसाचा हात. ती एवढी घाबरली होती.

दवाखाना पेठेतल्या एका जिन्यावर. बाकावर बसलेल्या बायकांनी पदर तोंडावर ओढलेले. डॉक्टर सज्जन होते, नाव नको. दहा मिनिटं बोलले, गोळ्या लिहून दिल्या आणि आम्हाला म्हणाले, "घरच्यांनी समजून घ्या. त्यांच्या मनाविरुद्ध काही करू नका." अण्णांनी ते शब्द वेदवाक्यासारखे धरले. त्या दिवसापासून अकराच्या तेरा बादल्या झाल्या. गोळ्यांनी आईला झोप यायची आणि तोंडाला कोरड पडायची. कोरड पडली की चूळ भरावीशी वाटायची, आणि चूळ भरली की तिचेही आकडे. दोन महिन्यांत गोळ्या बंद झाल्या. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मानसोपचार करणारे, म्हणजे गोळ्यांपलीकडे समोर बसवून पद्धतशीर काम करणारे लोक, तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यात होतेच कुठे?

नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रात या विषयाला वाचा फुटत गेली, ती मी दुरून पाहिली. पुण्यात १९८६ सालीच मुक्तांगण सुरू झालं होतं, व्यसनमुक्तीसाठी, आणि तेही येरवड्यातच, त्या भीतीच्या नावाच्या शेजारी. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी मानसिक आरोग्याची संस्था काढली. कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिसचा विवेकनिष्ठ उपचार मराठीत रुजवला. २००४ साली 'देवराई' चित्रपट आला, आणि थिएटरमध्ये माझ्या पुढच्या रांगेतली एक अनोळखी बाई पूर्ण मध्यंतरभर रडत बसली होती. आईलाही नव्वदीच्या दशकात साताऱ्याच्या एका डॉक्टरांनी फ्लुओक्सेटीन दिलं. अमेरिकेत ते या आजारासाठी १९९४ साली मंजूर झालेलं होतं. तेरा बादल्यांच्या चार झाल्या. अण्णा २०११ साली गेले तेव्हाही चारच होत्या. शेवटच्या आजारपणात बिछान्यातून त्यांनी मला विचारलं होतं, "आता पाणी कोण भरणार?"

आता इकडचं सांगते.

माझी लेक पुण्यात नोकरी करते. २०२० मध्ये सगळं जग हात धुवायला लागलं तेव्हा वाईहून आई फोनवर म्हणाली होती, "आता सगळेच माझ्यासारखे झाले गं." आम्ही हसलो होतो. लेक मात्र हात धुण्यात अडकली नाही. तिचं वेगळंच निघालं. २०२२ मध्ये ऑफिस पुन्हा सुरू झालं, ती स्कूटरवरून जाऊ लागली, आणि वीस मिनिटांच्या रस्त्याला दीड तास लागू लागला. गतिरोधकावरून गाडी आदळली की तिच्या मनात यायचं, आपण कुणाला तरी चिरडलं. ती परत फिरून बघायची. बघून पुढं गेली की, मघाशी नीट पाहिलं नाही. पुन्हा मागं. घरी आल्यावर मोबाइलवर अपघातांच्या बातम्या. आणि रात्री माझ्या उशाशी, "आई, मी कुणाला धडकले नसेन ना?" "नाही गं बाळा." "नक्की?" "नक्की." "माझी शपथ?"

शपथेचा शब्द ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला.

आजीचाच मंत्रचळ, पण आता त्याला शब्द शोधावा लागत नव्हता. लेकीनंच सांगितलं, "आई, हे ओसीडी आहे." उलट हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की कपाट नीट लावणारी मुलगीही "मी जरा ओसीडीच आहे" म्हणते. मला ते ऐकवत नाही. ज्या घरात माणूस दीड तास रस्त्यावर मागं-पुढं करतो, त्या घराला तो शब्द वापरायचा हक्क उरला पाहिजे.

माणूस शोधणं मात्र सोपं नव्हतं. अण्णांना सहा आठवड्यांत एक पत्ता मिळाला. मला एका संध्याकाळी चाळीस नावं मिळाली, फोटोसकट, हसऱ्या चेहऱ्यांची. त्या चाळीस जणांत कोण काय शिकलंय हे कळायला मला चार महिने लागले. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, औषध तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, उपचारपद्धती करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेत असावी लागते, १९९२ च्या कायद्यानं. समुपदेशक हा शब्द मात्र मोकळा आहे. कुणी दोन वर्षं मन लावून शिकलेलं असतं, कुणी थोड्या दिवसांचा वर्ग केलेला असतो, आणि दोघांच्या पाट्या सारख्याच दिसतात.

पहिल्या बाई फार गोड बोलायच्या. दीर्घ श्वास, शांत संगीत, मनगटाला रबर, वाईट विचार आला की तो ओढून सोडायचा. आणि प्रत्येक वेळी लेकीला समजावायच्या, "तू इतकी चांगली मुलगी आहेस, तू कुणाला कशी धडकशील?" लेकीला तासभर बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य पुन्हा ऐकायला तिला त्यांना फोन करावासा वाटायचा. तीन महिन्यांनी गतिरोधकांच्या यादीत रस्त्यावरचे खड्डेही आले होते.

त्या काळात एका रात्री एक वाजता मी १४४१६ ला फोन लावला. ही सरकारची 'टेली मानस' सेवा, १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली. पलीकडून मराठीत बोलणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी मला विचारलं, "तुम्ही जेवलात का?" मला एकदम सायकलवरच्या आमच्या डॉक्टरांची आठवण झाली. ते गेटातून बाहेर पडताना अण्णांना हेच विचारायचे. मग बाईंनी शांतपणे सांगितलं, आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा, आणि उपचार करणाऱ्याला स्पष्ट विचारा की या आजाराची ठरावीक पद्धत तुम्हाला येते का.

मनोविकारतज्ज्ञ उत्तम मिळाले. त्यांनी औषध दिलं आणि नीट समजावलंही, की ओसीडीत या गोळ्या नैराश्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त प्रमाणात द्याव्या लागतात आणि दहा-बारा आठवडे धीर धरावा लागतो. हे एक वाक्य आईला कुणी सांगितलं असतं तर! ते पुढं म्हणाले, गोळी निम्मं काम करेल, उरलेलं तिला स्वतः करावं लागेल, शिकवणारं कुणीतरी शोधा. त्यांनी सुचवलेल्या दोघांकडे प्रतीक्षायादी होती. शेवटी ज्या भेटल्या त्या मुंबईत राहणाऱ्या, पडद्यावरून उपचार करणाऱ्या. लेकीचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. पण तिनं हट्ट धरला की मराठीच हवं. तिचे ते विचार मराठीतच यायचे. 'मेलं असेल कुणीतरी' हे वाक्य भाषांतर करून सांगितलं की त्याची धार जाते, असं ती म्हणाली.

या मॅडमनी पहिल्या भेटीत लेकीला दहा प्रश्न विचारले. पाच विचारांबद्दल, पाच कृतींबद्दल. अमेरिकेत येल विद्यापीठात तयार झालेली ही प्रश्नावली १९८९ पासून जगभर वापरात आहे. पहिलाच प्रश्न: दिवसातला किती वेळ हे विचार खातात? एकूण ४० पैकी लेकीचे २७ आले. मग मॅडमनी मला आत बोलावलं. "ती तुम्हाला दिवसातून किती वेळा विचारते? आणि तुम्ही काय उत्तर देता?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही हे मायेपोटी करता हे मला दिसतंय. पण तुमचं 'नाही गं' हे तिच्या आजाराचं जेवण आहे."

मी काही बोलू शकले नाही. माझ्या डोळ्यांसमोर अकरा बादल्या रांगेत उभ्या होत्या.

पद्धत सांगायला सोपी आहे. ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं, आणि मग त्यावर उतारा करायचा नाही. आपल्याकडे उतारा म्हणजे काय ते सांगायला नको. परत फिरून बघणं हा उतारा, हात धुणं हा उतारा, आईला विचारणं हाही उताराच. उतारा केला की क्षणभर शांत वाटतं आणि भीती आणखी पक्की होते. केला नाही तर भीती चढते, शिगेला जाते, आणि पुष्कळदा आपोआप ओसरते. नाही ओसरली तरी तिला सोबत घेऊन पुढं जाता येतं, हे मन शिकतं. लेकीनं कागदावर भीतींची चढण लिहिली, शून्य ते शंभर. सोसायटीच्या आवारातला गतिरोधक तीस. दिवसाउजेडी मोठा रस्ता पन्नास. रात्री, पावसात, शाळेजवळून जाणं नव्वद. दर आठवड्याला एक पायरी. जायचं, मागं बघायचं नाही, घरी येऊन बातम्या उघडायच्या नाहीत, आणि मला विचारायचं नाही. तिनं विचारलंच तर मी म्हणायचं, "माहीत नाही. असेलही."

ते 'असेलही' म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा लेक माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी तिला रस्त्यात सोडून आले. स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडून रडले. चाळीस मिनिटांनी ती आली, डब्यातला चिवडा काढून खाल्ला आणि झोपायला गेली. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

नंतर मी या पद्धतीचा उगम वाचला. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं दोन रुग्णांवर केलेल्या अशा उपचाराची हकिकत छापली होती. त्यांतल्या एका बाईला स्वच्छतेचा चळ होता. नर्स दिवसभर सोबत राहून तिला धुण्यापासून परावृत्त करत. तिच्या खोलीचं पाणीसुद्धा बंद केलं होतं. १९६६. म्हणजे अण्णा अंधारात रहाट ओढत होते त्याच्या वीस वर्षं आधी हे कुणाला तरी ठाऊक झालेलं होतं. लंडनपासून वाईपर्यंत ते पोचलं नाही. आणि अडाणी म्हणवली जाणारी आमची मावशी मात्र ओच्यात मातीची जुडी टाकून, "बसा हितं" म्हणून, अर्धा तास नेमकं तेच करत होती. ती कुठलं शास्त्र जाणत होती असा माझा दावा नाही. तिच्याकडे वेळ होता, पाय दुखत होते आणि तिला चहा हवा होता. पण त्या अर्ध्या तासात आईचे हात मांडीवर यायचे.

अण्णांचं काय करायचं, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यांची माया खोटी नव्हती. त्यांना 'समजून घ्या' एवढंच सांगितलं होतं, आणि त्यांनी आपली पंचवीस वर्षं त्यात घातली. त्यांना कुणी 'काका, पाणी भरू नका' असं सांगितलं असतं, तर त्यांनी तेही केलं असतं, रडत केलं असतं. सांगायला माणूस नव्हता.

मात्र त्या काळातली एक गोष्ट आज मला हवी होती. आईला घेऊन जाताना अण्णा तिच्या शेजारी बसले होते. काकांनी रजा टाकली होती, काकूनं आमच्यासाठी पहाटे वरणभात शिजवून ठेवला होता. खोटं बोलून का होईना, पण माणसं सोबत होती. लेक बंद खोलीत कानात यंत्र घालून पडद्याशी बोलायची आणि मी दाराबाहेर कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायचे. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नावही मला धड माहीत नाही. उलट हेही खरं की डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव लेकीला एकदाही सांगावं लागलं नाही. ऑफिसात तिनं सरळ सांगितलं, बुधवारी पाच वाजता माझी थेरपी असते. पदर तोंडावर ओढलेल्या त्या बाकावरच्या बायका मला तेव्हा आठवल्या. त्यांच्यापैकी एकीला तरी असं म्हणता आलं असतं का?

तासाला पंधराशे रुपये. अठरा भेटी. सगळ्यांना हे परवडणारं नाही, आणि तालुक्याच्या गावात हे शिकलेलं माणूस आजही सहज सापडत नाही. वाईहून आजही बहुतेकांना एसटीच धरावी लागेल. २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क झाला, पण हक्क बजावायला समोर माणूस बसलेला हवा.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघी वाईला गेलो. गाडी लेक चालवत होती. शिरवळच्या पुढे एका गावात गतिरोधक आला, गाडी जोरात आदळली. तिनं आरशात बघितलं नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. तिचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. खंबाटकीच्या घाटात मधेच ती म्हणाली, "आई, आत्ता सत्तर आहे." मी म्हटलं, "असू दे." माथ्यावर येईपर्यंत ती गुणगुणायला लागली होती.

संध्याकाळी आई पडवीत बसली होती. त्र्याहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली. आडावर आता लोखंडी जाळी आहे, बंब माळ्यावर आहे. लेकीनं तिच्या शेजारी बसून आपला चढणीचा कागद उलगडला, आणि मग तो दहा प्रश्नांचाही. तिचे आता तेरा आले होते. हा आजार काही घरांत पिढ्यांतून उतरतो, हे तिला ठाऊक आहे. आजीवर त्याचा राग नाही, उलट तिला आजीशीच बोलायचं होतं. आईनं चष्मा लावला, पहिला प्रश्न बोटानं अडखळत वाचला. दिवसातला किती वेळ?

"हे मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

"मी विचारते ना आजी. सांग. शहाऐंशी सालचं सांग."

आईनं आडाकडे पाहिलं. मग अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. त्या पेरांवर भेगांचे पांढरे व्रण अजून आहेत. "पहाटे चारला उठायची," ती म्हणाली, "आंघोळ सातपर्यंत. तीन धर. मग देव…" लेकीनं पेन काढलं. आई एकेका पेरावर अंगठा सरकवत राहिली, सातवर आली, नववर आली, आणि मधेच थांबून मला म्हणाली, "अण्णांचा वेळ वेगळा धरायचा का गं?"